पासबुक कुणाच्या हातात?

घरातले पैशाचे निर्णय कोण घेतं, असं बायकांना विचारलं की उत्तर ठरलेलं. “दोघं मिळून!” जरा खोलात शिरलं की कळतं, भाजी, किराणा, मुलांच्या वह्या तिच्याकडे, प्लॉट, कर्ज, सोनं गहाण ठेवणं ‘ह्यां’च्याकडे. अर्थशास्त्रातही बरीच वर्षं घर म्हणजे एकच खिसा, असंच धरून चालत.

येल विद्यापीठातल्या प्राध्यापक रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात वेगळंच पाहिलं. रोजगार हमीच्या कामावर घाम गाळायची बाई, मजुरी मात्र नवऱ्याच्या खात्यात. त्यांनी काही बायकांना स्वतःच्या नावावर खातं दिलं. काहींची मजुरी थेट त्या खात्यात वळवली. काहींना खातं कसं वापरायचं, तेही शिकवलं. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसतं खातं मिळालेल्यांपेक्षा ज्यांना खातं, थेट मजुरी आणि माहिती असं तिन्ही मिळालं, त्या जास्त काम करू लागल्या. सरकारी कामावर आणि इतरत्रही. तीन वर्षांनी पाहिलं, तर बाईनं कमवावं की नाही, याबद्दलचं त्यांचं स्वतःचं मतही मोकळं झालं होतं.

मला यातलं ‘नुसतं खातं’ महत्त्वाचं वाटतं. २०२४ साली आपल्याकडे ‘लाडकी बहीण’ योजना आली, तेव्हा महिन्याचे १५०० रुपये बाईच्याच खात्यात जमा होऊ लागले. चांगलंच झालं. पण एटीएम कार्ड कुणाच्या पाकिटात असतं? पिन कुणाला पाठ आहे? पैसे जमा झाल्याचा मेसेज कुणाच्या मोबाइलवर येतो? बचत गटाचा हिशोब पै-पैशानिशी ठेवणारी बाई बँकेत मात्र मुलाला पाठवते.

“आमच्यात विश्वास आहे हो, वेगळं कशाला?” असं काहीजणी म्हणतील. अहो, विश्वास आहे तिथेच तर हे मागणं सोपं! यात भांडण नाही, आणि कुणापासून चोरून ठेवणंही नाही. उद्या घरावर वेळ आली, तर कुठल्या बँकेत काय आहे हे दोघांनाही ठाऊक असायला हवं.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. खात्याला आपला नंबर जोडून घ्या, पासबुक स्वतः भरून आणा, पिन स्वतः टाका. आणि प्लॉटचं बोलणं निघेल तेव्हा चहा ठेवून आत जाऊ नका. तिथेच बसा.