अतिथि कीं गिऱ्हाईक?

पैसे मोजून जेथें राहावयाचें तेथें आपण अतिथि कसे, हा प्रश्न आमच्या घरीं गेले दोन महिने गाजत आहे. निमित्त असें कीं, धाकट्या बंधूंचे चिरंजीव हल्लीं नोकरीसाठीं परदेशीं असतात. आमच्या लग्नाला चाळीस वर्षें झालीं म्हणून त्यांनीं मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आम्हां उभयतांसाठीं एका रात्रीची खोली परस्पर राखून ठेविली, आणि पैसे भरून झाल्यावर मग कळविलें. त्या एका रात्रीची रक्कम ऐकून घरांतील वडील मंडळी कांहीं वेळ गप्पच झाली. तेवढ्यांत आमच्या सबंध कुटुंबाचें महिन्याचें वाणसामान येऊन वर दूधवाल्याचेंही भागलें असतें.

परंतु अण्णांचा, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंचा, आक्षेप रकमेवर नव्हताच. ते म्हणाले, आपल्या शास्त्रांनीं अतिथीला देव मानावयास सांगितलें आहे, त्याचें बिल करावयास नव्हे. बिल आलें कीं अतिथि गेला. उरलें तें गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाइकापुढें वांकून केलेला नमस्कार हाही दुकानांतला एक माल होय.

वाचकांपैकीं पुष्कळांस हें म्हणणें पटेल. मला तें पटत नाहीं, आणि कां पटत नाहीं तें सांगण्यासाठींच या महिन्याचें पान खर्चीं घालीत आहें.

प्रथम शब्दच पाहूं. अतिथि शब्दाची फोड दोन प्रकारांनीं करितात. ज्याच्या येण्याला तिथि नाहीं तो अतिथि, ही एक. आणि अत् म्हणजे सतत फिरणें या धातूपासून आलेला, म्हणजे वाटसरू, ही दुसरी. मनूनें घरीं एकच रात्र राहणाऱ्या ब्राह्मणास अतिथि म्हटलें आहे, आणि कारण दिलें आहे तें त्याचें राहणें नित्य नसतें हें. आतां यांत पैशाचा उल्लेख कोठें आहे? आम्ही वाटसरू होतों आणि एकच रात्र राहणार होतों. तिथि मात्र आधीं ठरवावी लागली, तेवढ्यापुरते अण्णा जिंकले.

शिवाय द्रव्य घेतल्यानें कामांतला भाव नाहींसा होतो, हें मी कसें मान्य करावें? आमच्या घरीं पूजा सांगावयास येणारे गुरुजी दक्षिणा घेतात. म्हणून त्यांचे मंत्र बाजारी झाले असें अण्णा म्हणणार नाहींत. मीं स्वतः तीस वर्षांवर पगार घेऊन मुलांस शब्दरूपें पाठ करून घेतलीं. पगार वर्गावर जाण्याचा होता. संध्याकाळीं मागें राहिलेल्या पोराला दिवेलागणीपर्यंत घेऊन बसावयाचें, त्याचा पगार कोणी दिला नव्हता. पण तेंही त्याच नोकरीच्या पोटांत होतें.

गंमत अशी कीं, हाच वाद सव्वाशें वर्षांपूर्वीं टाटांच्या घरींही झाला. जमशेटजींनीं हॉटेल बांधण्याचा बेत सांगितला तेव्हां त्यांच्या भगिनी रागावल्या, अशी गोष्ट सांगतात. बंगळुराला विज्ञानाचें विद्यालय काढणार, लोखंडाचा मोठा कारखाना काढणार म्हणतोस, आणि आतां हा भटारखाना कशाला, असें त्यांचें म्हणणें होतें. दैवाचा खेळ असा कीं, विद्यालय आणि कारखाना हे दोन्ही संकल्प जमशेटजींच्या पश्चात् उभे राहिले. त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला तो हा भटारखानाच. १६ डिसेंबर १९०३ रोजीं हॉटेल उघडलें, आणि १९ मे १९०४ रोजीं जर्मनींत जमशेटजींचा अंत झाला. वॉटसनच्या हॉटेलांत प्रवेश नाकारला म्हणून त्यांनीं सुडानें हें बांधलें, अशीही एक कथा आहे. तिला आधार सांपडत नाहीं असें अभ्यासक म्हणतात. मला भगिनींच्या रागाची गोष्ट अधिक खरी वाटते. ती घरांतली आहे.

तो काळ लक्षांत घ्यावा. १८९६ सालीं मुंबईंत गांठीच्या तापाची सांथ सुरू झाली होती, माणसें गांव सोडून पळत होतीं. ज्या शहरांतून लोक निघून चालले त्याच शहरांत पाहुण्यांसाठीं एवढें मोठें घर बांधावयास काढणें हें साध्या व्यापाऱ्याचें गणित दिसत नाहीं.

आणि बांधलें कोणीं? येथें वाचकांनीं किंचित् थांबावें. या इमारतीच्या मूळ आराखड्याचे कर्ते दोन : रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. वैद्यांनीं त्यापूर्वीं बोरीबंदरच्या स्टेशनाच्या कामावर स्टीव्हन्ससाहेबांच्या हाताखालीं साहाय्यक इंजिनीयर म्हणून काम केलेलें. हॉटेलाचें काम पुरें केलें तें डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज गृहस्थांनीं. बांधकामाचा मक्ता खानसाहेब सोराबजी रतनजी काँट्रॅक्टर यांचा. घुमटाखालचा तो प्रसिद्ध अधांतरी जिना त्यांच्याच कल्पनेचा. मुंबईंत टॅक्सीवाल्यापासून कॉलेजांतील विद्यार्थ्यापर्यंत कोणासही विचारा, तो सांगेल कीं, विलायती साहेबानें नकाशा धाडला, इथल्या लोकांनीं तो उलटा धरला, इमारत पाठमोरी झाली, आणि तें पाहून साहेबानें जीव दिला. ही निव्वळ भाकडकथा आहे. नकाशा काढणारे इथलेच होते; त्यांस तो उलटा धरण्याचें कारण काय? मूळचें दार शहराच्या बाजूला होतें, आज जेथें पोहण्याचा तलाव आहे तेथें. समुद्राची बाजू खोल्यांस दिलेली. गेट वे ऑफ इंडियाची कमान समोर आहे म्हणून आपणांस ती पुढची बाजू वाटते. पण त्या कमानीचा पायाच मागाहूनचा, आणि ती पुरी झाली १९२४ सालीं. हॉटेल तिच्याहून वडील आहे. भाकडकथेचें मला विशेष वाईट वाटतें तें याकरितां कीं, तिच्यांत साहेब तेवढा शहाणा ठरतो आणि वैद्य व मिर्झा हे अनामिक अडाणी ठरतात. वैद्यांचें नांव किती मराठी घरांत ठाऊक आहे? पहिल्या महायुद्धांत याच इमारतींत ६०० खाटांचें इस्पितळ होतें, हेंही थोड्यांस ठाऊक असतें.

आतां आमच्या मुक्कामाविषयीं. फार लिहिण्यासारखें नाहीं. सुखाचें वर्णन लौकर कंटाळवाणें होतें. आमची खोली जुन्या इमारतींत होती. खिडकींतून कमान दिसे आणि घारापुरीस जाणाऱ्या लाँचा एकीमागून एक सुटतांना दिसत. मला आवडला तो जिना. त्याच्यापाशीं जमशेटजींचा अर्धपुतळा आहे. खालीं उभें राहून वर पाहिलें म्हणजे मजल्यामागून मजला घुमटाकडे चढत जातो. मी तो दोनदां पायीं चढून आलों, लिफ्टवाल्याला त्याचें नवल वाटलें असावें. समुद्राकडच्या चहाच्या दालनाला सी लाउंज म्हणतात. तेथें मुलगा-मुलगी पाहण्याचे कार्यक्रम होण्याची जुनी चाल आहे. आम्ही बसलों होतों तेव्हांही शेजारच्या टेबलापाशीं दोन कुटुंबें फार नीट बसलेलीं होतीं, आणि एक तरुण कपांतला चहा उगीचच ढवळीत होता. आमच्या सौभाग्यवतींनीं मुलगी पसंत केली. मुलाविषयीं त्यांनीं मत राखून ठेविलें.

सौभाग्यवतींस त्या घरीं एकच गोष्ट जड गेली. आयुष्यांत त्यांनीं सासरच्या पंचवीस माणसांचीं अंथरुणें घातलीं आणि काढलीं. आपलें अंथरूण दुसऱ्यानें काढावें हें त्यांच्या हातांस मानवेना. सकाळीं खोली आवरणारे गृहस्थ आले तों यांनीं चादरींच्या चौकोनी घड्या करून उशांवर ठेविल्या होत्या. गृहस्थ पन्नाशीचे, बोलण्यावरून दक्षिण कोंकणांतले. ते हंसले.

"काकू, तें आमचं काम."

"अहो, हाताला संवय आहे."

घड्या मोडून त्यांनीं पुन्हां सर्व आपल्या पद्धतीनें घातलें. मोडतांना म्हणाले, "घडी छान करतां पण तुम्ही."

तेथें मला अण्णांचा प्रश्न आठवला, कारण ज्या मजल्यावर आम्ही उभे होतों त्याच्या वर काय घडलें तें सर्व जगानें दूरदर्शनवर पाहिलेलें आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं अतिरेकी या हॉटेलांत शिरले. २९ तारखेच्या सकाळपर्यंत तें युद्ध चाललें. मेजर संदीप उन्नीकृष्णन् येथेंच पडले. हॉटेलांत ३१ माणसें गेलीं, आणि त्यांतलीं एकतृतीयांशाच्या घरांत तेथील नोकर होते. मागच्या वाटा, स्वयंपाकघराचे दरवाजे त्यांस ठाऊक होते. मनांत आणतें तर ते पहिल्या घटकेस बाहेर पडते. ते थांबले. पाहुण्यांस अंधाऱ्या दालनांत बसविलें, पाणी दिलें, जमेल तेव्हां थोडेथोडे करून बाहेर काढलें, आणि काढतांना कित्येक जण त्यांच्या आणि गोळ्यांच्या मध्यें उभे राहिले. व्यवस्थापक करमबीर कंग यांची पत्नी आणि दोन लहान मुलगे वरच्या मजल्यावर आगींत सांपडून गेले. कंग खालीं पाहुण्यांस सोडविण्याच्या कामावर उभेच होते. अण्णांस मीं इतकेंच विचारलें कीं, यांतला कोणता भाग बिलांत लिहिलेला असतो? चहाचा असतो, खोलीचा असतो. ज्यांच्यासाठीं ते मेले त्यांची त्यांस बहुधा नांवेंही ठाऊक नव्हतीं. ज्याचें नांव-गोत्र विचारूं नये असें आपण म्हणतों, तो अतिथि याहून निराळा कोण?

अण्णा म्हणाले, तीं माणसें मोठीं होतीं, हॉटेल नव्हे. त्यांत तथ्य आहे. परंतु घर तरी माणसांहून निराळें काय असतें? जळालेली जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजीं पुन्हां उघडली. गेलेल्या ३१ जणांचीं नांवें हॉटेलांत एका स्मारकावर लिहिलेलीं आहेत; त्यांत पाहुणे आणि नोकर एकाच यादींत आहेत. आम्ही तीं वाचलीं.

सौभाग्यवतींस राहवलें नाहीं. त्या गृहस्थांस त्यांनीं विचारलेंच, "तुम्ही त्या रात्रीं इथंच होतां?"

त्यांनीं उशीचा अभ्रा ओढून सरळ केला. "माझी सुट्टी होती, काकू," एवढेंच बोलले, आणि दुसरी उशी घेतली.

यांनीं पुढें कांहीं विचारलें नाहीं. बेसनाच्या लाडवांचा डबा आम्ही घरून नेला होता. एवढ्या थोर जागीं डबा न्यावा कीं न न्यावा यावर घरीं वेगळा वाद झाला होता, तो येथें सांगत नाहीं. तो डबा त्यांनीं त्या गृहस्थांच्या हातीं ठेविला. मी खिशांत बक्षिशीसाठीं नोट घेऊन उभा होतों, ती मला त्या वेळीं काढवेना. मागाहून खालीं, सर्व नोकरांसाठीं म्हणून, दिली.

दुपारीं सामान बांधून झाल्यावर दारावर टकटक झाली, आणि डबा परत आला. घांसून, पुसून कोरडा केलेला. उघडून पाहिलें तों आंत हॉटेलच्या साखरेच्या चार कागदी पुड्या होत्या.