गोंदणावर चिकटपट्टी नको

पौषात पालीच्या खंडोबाची, मांढरदेवीची, इकडे खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा भरते. यात्रेत गोंदून घ्यायची हौस जुनीच. आता साताऱ्या-सांगलीत टॅटूची दुकानेही झाली आहेत. सुई नवी, आपल्यासमोर पाकिटातून काढलेली हवी, कारण 'ब' कावीळ आणि एच.आय.व्ही. वापरलेल्या सुईतून पसरू शकतात. एवढे बरेच जण पाहतात. घरी आल्यावर मात्र मेडिकलमधली चिकटपट्टी डकवून चार-चार दिवस काढत नाहीत!

गोंदण म्हणजे असंख्य बारीक जखमा. पहिले एक-दोन दिवस त्यातून लस पाझरते. पट्टीखाली लस आणि घाम कोंडला की जंतूंचे फावते. शिवाय नक्षी मोठी असली की पट्टीचा चिकट भाग गोंदणावरच येतो आणि ओढताना खपलीबरोबर रंगही निघतो. (पूर्वीच्या बायका हळद लावीत, पण डब्यातली हळद काही निर्जंतुक नसते.) टॅटूवाले लावतात ती पारदर्शक फिल्म वेगळी, ती ते सांगतील तितकेच दिवस ठेवावी.

एरवी न चिकटणाऱ्या स्वच्छ गॉजची घडी काही तास पुरे. मग हात धुऊन गोंदण साबण-पाण्याने हलके धुवावे, टिपावे, व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा. खपली नखाने काढू नये. वरची कातडी भरायला दोन-तीन आठवडे लागतात. लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला तर यात्रेतल्या गोंदणाऱ्याला शोधत बसू नका, सरळ डॉक्टरांना दाखवा.