दम घालवणारी एक गोळी, आयुष्य वाढवणाऱ्या चार

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदयाचा पंप दुबळा होतो आणि फुप्फुसांत, पायांत पाणी साठते. आडवे झाले की दम लागतो, घोटे सुजतात. रुग्णालयात फुरोसेमाईडचे इंजेक्शन मिळाले की लघवीवाटे पाणी निघून जाते आणि काही तासांत श्वास मोकळा होतो. त्यामुळे घरी गेल्यावर खर्च कमी करायची वेळ आली, की रुग्ण लघवीची तेवढी गोळी ठेवतो आणि बाकीच्या सोडतो. गफलत होते ती इथेच. ही गोळी दिलासा देते, ती गरजेचीही असते. पण तिने आयुष्य वाढते हे सिद्ध झालेले नाही.

आयुष्य वाढवतात त्या गोळ्या वेगळ्या. १९८७ मध्ये अत्यवस्थ रुग्णांवरील चाचणीत सहा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण एनालाप्रिलने ४४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आणले. बीटा ब्लॉकर गटातील औषधे एके काळी या आजारात वर्ज्य मानली जात. १९९९ मध्ये त्यांतल्याच बिसोप्रोलॉलने मृत्यू एक तृतीयांशाने कमी केले. त्याच वर्षी स्पायरोनोलॅक्टोनने सुमारे ३० टक्के घट दाखवली. २०१४ मध्ये सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन ही जोडगोळी एनालाप्रिलपेक्षाही सरस ठरली. २०१९ मध्ये मधुमेहासाठी आलेले डॅपाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही उपयोगी पडले. पंप दुबळा असलेल्या रुग्णाला आज या चारही गटांतील औषधे एकत्र द्यावीत, अशी शिफारस आहे.

प्रत्यक्षात काय घडते? देशातील ५३ रुग्णालयांतील दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदणीत सुमारे १४ टक्के रुग्ण ९० दिवसांत दगावले. पंप दुबळा असलेल्यांपैकी निम्म्याहून कमी रुग्णांना शिफारशीनुसार औषधे मिळत होती.

याला किंमत हे एक कारण होते. ते आता बरेच मागे पडले आहे. डॅपाग्लिफ्लोझिन आणि सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनची पेटंट संपून जेनेरिक गोळ्या आल्या. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचेही पेटंट संपले आणि सुमारे ६० रुपयांची गोळी अनेक कंपन्यांनी दहा रुपयांच्या आसपास आणली. उरलेल्या दोन गटांतील औषधे तर पूर्वीपासूनच स्वस्त आहेत.

आता खरी अडचण वेगळीच आहे. या गोळ्यांचा गुण लगेच जाणवत नाही. बीटा ब्लॉकरने सुरुवातीला थकवा वाढू शकतो, रक्तदाब थोडा उतरतो. मग 'गोळी मानवत नाही' म्हणून ती बंद होते. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच निर्णायक असतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन आठवड्यांत डोस पूर्ण मात्रेपर्यंत वाढवून रुग्णांना वारंवार तपासले गेले. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचे प्रमाण २३ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले.

त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. आठवड्या-पंधरवड्याने तपासणी, रक्तातील पोटॅशियम व क्रिएटिनिन, मिठावर नियंत्रण आणि रोज सकाळी वजन एवढे पुरते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, तर ते साठलेले पाणी समजावे आणि डॉक्टर गाठावा. बरे वाटते म्हणून किंवा बरे वाटत नाही म्हणूनही, डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नये.