शाई, कोड आणि शंभर बाय शंभर

आपल्या कंपन्यांत कामाची एक ठरलेली वाटणी असते. डिझायनरने स्क्रीन काढायची, आपण ती कोडमध्ये उतरवायची आणि मग बटण चार पिक्सेल इकडे की तिकडे यावरून दोघांनी भांडायचं. जणू देवानेच केलेली वाटणी! माझ्या मते ती कॉलेजात होते, आणि मोडायची तर तिथेच मोडता येते.

उदाहरण एमआयटीचं. (हो, परत एमआयटी. पण ऐका तर!) म्युरिएल कूपर ही एमआयटी प्रेसची पुस्तकं डिझाइन करणारी बाई. १९७४ च्या सुमारास तिने रॉन मॅकनीलसोबत तिथे 'व्हिजिबल लँग्वेज वर्कशॉप' सुरू केलं. इथली मुलं डिझाइन काढून छापखान्यात धाडून देत नसत, ऑफसेट मशीनवर स्वतःच हात काळे करत. छापताना काही अनपेक्षित उमटलं तर तोही अभ्यासच. पुढे मशीनच्या जागी कॉम्प्युटर आला, पद्धत तीच राहिली. कूपर स्वतः प्रोग्रॅमर नव्हती. तरी १९९४ मध्ये तिने टेड परिषदेत वर्कशॉपचं काम दाखवलं: पडद्यावरच्या मजकुरात आपण उडत शिरतोय असं वाटावं, असं. त्याच वर्षी ती गेली.

नंतर आला जॉन माएदा. आधी इंजिनिअर, मग जपानात डिझाइन शिकलेला. त्याने १९९९ मध्ये 'डिझाइन बाय नंबर्स' ही चिमुकली भाषा मांडली. १०० बाय १०० चा चौकोन, करड्या छटा, बस्स. त्याचे विद्यार्थी बेन फ्राय आणि केसी रीस यांनी २००१ मध्ये 'प्रोसेसिंग' सुरू केलं. त्यात प्रोग्रॅमला 'स्केच' म्हणतात. तुम्ही कधी आर्डुइनोवर दिवा लुकलुकवला असेल तर तिथलं 'स्केच'ही याच घराण्यातलं!

गंमत म्हणजे यातलं काहीच बाजारात विकायला बनवलं नव्हतं. शिकायला आणि शिकवायला बनवलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडे पैसा आहे. असेल. पण प्रोसेसिंग फुकट आहे आणि कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालतं. आपलं घोडं अडतं ते मार्कांपाशी. आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलचं उत्तर जर्नलमधल्यासारखंच यावं लागे. वेगळं आलं तर 'का आलं?' हा प्रश्न नाही, थेट 'रिपीट'. अशी चार वर्षं काढलेल्या माणसाकडून कंपनी 'इनोव्हेशन'ची अपेक्षा करते!

कंपनीत असले प्रयोग परवडत नाहीत हे मलाही मान्य. रिलीज शुक्रवारी असतो आणि क्लायंटला अनपेक्षित काही आवडत नाही. म्हणूनच ते कॉलेजात व्हायला हवेत. फसण्याची किंमत एक वाया गेलेला कागद इतकीच असते, अशी जागा आयुष्यात पुन्हा मिळत नाही. आणि आता एक वाक्य टाइप केलं की चित्र तयार मिळतं. अशा वेळी यंत्राच्या पोटात हात घालून बघितलेला माणूसच त्याला काही वेगळं करायला लावू शकेल.

असो. अभ्यासक्रम बदलेल तेव्हा बदलेल. या शनिवारी प्रोसेसिंग उतरवून घ्या, शंभर बाय शंभरचा चौकोन उघडा आणि फक्त रेघांनी 'अ' काढून बघा. शेजारी तुमच्या टीममधला डिझायनर बसला असेल तर उत्तमच. पिक्सेलवरून भांडण होईलच, पण निदान एकाच स्क्रीनसमोर बसून होईल. :-)