फॉर्म कुणी काढला?



परवा रात्रपाळी करून गिरणीतनं आलो, तर दारात एक संशोधक. हातात छापील फॉर्म. विषय : उच्च शिक्षणात दलित मागं का?

'कॉलेजात का गेला नाहीत?' खाली तीन चौकोन : गरिबी, लग्न, आवड नाही.

म्हटलं, सायेब, मास्तरानं जात पुकारून मागच्या बाकावर बसवलं, त्याचा चौकोन कुठाय?

म्हणाला, 'फॉर्म वरून आलाय.'

वरून म्हंजे कुणाकडनं? तिथं आपलं कोण बसलंय?

बाबासाहेबांनी या शहरात कॉलेज काढलं १९५० साली. विद्यापीठ आलं १९५८ला. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ला झाला, तर मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या. पोचिराम कांबळेंना मारलं. १९९३ला गौतम वाघमारेंनी नांदेडात स्वतःला जाळून घेतलं. तेव्हा कुठं १९९४ला नाव लागलं. तेही विस्तार करून.

एवढं रक्त सांडून आपण फक्त कुणाच्या तरी प्रबंधातला तक्ता व्हायचं?

पोरांनो, संशोधनाला शिव्या देऊ नका. शिका, आत घुसा आणि फॉर्म तुम्ही काढा. चौथा चौकोन तुम्हालाच छापावा लागंल.

तोवर दारात कुणी फॉर्म घेऊन आला, तर आधी त्यालाच विचारा : हे प्रश्न कुणी काढले?

जय भीम!