खोडवा किती वेळा घ्यायचा?

आधीच सांगून ठेवतो, या लेखात चार पुस्तकांचे शेवट फुटणार आहेत. त्यातल्या तीन पुस्तकांबाबत मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

आर्थर सी. क्लार्कची 'रांदेव्हू विथ रामा' ही कादंबरी 1973 सालची. मी ती इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलच्या खाटेवर, फोनच्या स्क्रीनवर एका रात्रीत वाचली. गोष्ट बाविसाव्या शतकातली. सूर्यमालेच्या बाहेरून एक मोठी वस्तू आत येते. ग्रीक आणि रोमन देवांची नावं तोवर वापरून संपलेली असतात, म्हणून खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवांच्या यादीकडे वळलेले असतात आणि या वस्तूच्या वाट्याला 'रामा' हे नाव येतं. जवळून पाहिल्यावर कळतं, की हा लघुग्रह नाही. ते 50 किलोमीटर लांब आणि 20 किलोमीटर रुंद असं स्वतःभोवती फिरणारं पोकळ सिलिंडर आहे. कुणीतरी बांधलेलं.

माणसं आत उतरतात. अंधार असतो, मग अचानक दिवे लागतात. गोठलेला समुद्र वितळतो. शहरांसारखं काहीतरी दिसतं, पण तिथं राहणारं कुणी नाही. अर्धे यंत्र, अर्धे प्राणी असे जीव बाहेर पडतात, आपापली कामं उरकतात आणि नाहीसे होतात. माणसांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. शेवटी रामा सूर्याजवळ जातो, त्याच्याकडून ऊर्जा भरून घेतो आणि आपल्या वाटेनं निघून जातो. तो कुणी बांधला, कशासाठी बांधला, काही कळत नाही. पृथ्वीला भेट द्यायला तो आलेलाच नव्हता. सूर्य हा त्याच्या वाटेवरचा पेट्रोल पंप होता.

आतल्या बाजूची त्रिज्या 8 किलोमीटर आणि चार मिनिटांत एक फेरी, एवढे दोन आकडे घेऊन मी त्याच रात्री गणित केलं. उत्तर आलं पृथ्वीच्या निम्म्याहून थोडं जास्त गुरुत्व. पुस्तकातली माणसं साधारण तेवढ्याच हलकेपणानं चालतात. लेखकानं आपल्याला गंडवलेलं नाही हे कळल्यावर पुस्तकाबद्दलचं प्रेम आणखी वाढलं. याच कादंबरीत अवकाशातून येणाऱ्या दगडांवर पहारा ठेवणाऱ्या योजनेचं नाव 'स्पेसगार्ड' आहे. पुढे नासाच्या 1992 च्या अहवालानं खऱ्या योजनेसाठी तेच नाव उचललं.

माझं गाव कळस, तालुका इंदापूर. आमच्या तालुक्यात उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. भिगवणला लोक होडीत बसून त्यांचे फोटो काढतात. पक्षी चिखलात चोची घालून खात असतात आणि वेळ झाली की उडून जातात. आपल्याला बघायला ते आलेले नसतात हे लहानपणीच समजतं, तरी बघण्यातला आनंद कमी होत नाही. 'रामा' संपवल्यावर मला तसंच वाटलं होतं.

मग मी चूक केली आणि पुढचे भाग वाचले.

'रामा टू' 1989 मध्ये आलं, 'द गार्डन ऑफ रामा' 1991 मध्ये आणि 'रामा रिव्हील्ड' 1993 मध्ये. तिन्हींवर क्लार्कच्या जोडीला जेन्ट्री ली यांचं नाव आहे. ली हे नासाच्या मोहिमांवर काम केलेले इंजिनीअर, म्हणजे माझ्यासारख्याला तर आदरच. पण पुस्तकं बघा. दुसऱ्या भागात दुसरा रामा येतो आणि त्याच्यापेक्षा आपल्याला अंतराळवीरांची भांडणं, लफडी आणि कटकारस्थानंच जास्त वाचायला मिळतात. तिसऱ्या भागात रामामध्ये माणसांची वसाहत होते आणि लगेच तिथं गुंड, सत्ता, तुरुंग आणि फाशीची शिक्षा सुरू होते. चौथ्या भागात सगळ्या रहस्याची उकल होते, आणि ती उकल थेट देवाच्या योजनेपर्यंत जाऊन पोचते. हे अवाढव्य यान आपल्यासारख्या जीवांना गोळा करून निरखण्यासाठीच हिंडत होतं म्हणे.

माझं भांडण नेमकं इथं आहे. पुढचे भाग कंटाळवाणे आहेत ही तक्रार खरी असली तरी किरकोळ आहे. कंटाळवाणं पुस्तक मिटून ठेवता येतं. या तीन पुस्तकांनी पहिल्या पुस्तकाचं म्हणणंच उलटं केलं. पहिलं पुस्तक सांगत होतं, की विश्वात तुमच्याशिवाय खूप काही चालू आहे. पुढची पुस्तकं सांगतात, की छे हो, ते सगळं तुमच्यासाठीच चाललं होतं. कोपर्निकसपासून विज्ञानानं माणसाला जे शिकवायला घेतलंय, ते पहिल्या पुस्तकानं गोष्टीत बसवलं आणि चौथ्यानं पुसून टाकलं.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं उसाबद्दल. ऊस तोडल्यावर बुडखे जमिनीत राहतात. त्यांना पुन्हा फुटवे येतात, तो खोडवा. तोही तोडून पुन्हा ठेवला की निडवा. खोडव्याला बेणं लागत नाही, नांगरट नाही, सरी पाडायची नाही. खर्च निम्म्यावर येतो म्हणून तो धरायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण जमीन घट्ट झालेली असते, तुटाळ पडलेली असते आणि सहसा उतारा कमी येतो. नीट बुडखे छाटले, नांग्या भरल्या, पाचट न जाळता कुजवलं, तर खोडवाही चांगला येतो. नुसतं पाणी सोडून बसलं, तर येत नाही. आमचे अण्णा म्हणतात, खोडवा जमिनीला विचारून धरायचा, कारखान्याला विचारून नाही.

सीक्वेलचं अर्थकारण अगदी हेच आहे. वाचक आधीच रुजलेला असतो. नाव ओळखीचं, जग तयार. बेण्याचा खर्च नाही. फक्त पाणी सोडायचं.

यावर तीन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, 'तुम्हाला जुन्याचं कौतुक, नवं काही आवडतच नाही.' तसं असतं तर मला 'ड्यून मसाया' आवडलं नसतं. फ्रँक हर्बर्टच्या 1965 च्या 'ड्यून'चा नायक वाचकांनी डोक्यावर घेतला होता. 1969 च्या दुसऱ्या भागात हर्बर्टनं दाखवलं, की या नायकाच्या नावावर अब्जावधी मुडदे पडले आहेत. 'ड्यून' आधी क्रमशः छापणाऱ्या 'अ‍ॅनालॉग'च्या संपादकानं, जॉन कॅम्पबेलनं, हा भाग घ्यायला नकार दिला. त्याला नायक हवा होता. बरेच वाचकही चिडले. पण हर्बर्टनं या पुढच्या गोष्टीचे तुकडे पहिलं पुस्तक पुरं व्हायच्या आधीच लिहून ठेवले होते. म्हणजे इथं बेणं नवं होतं. ती निराशा वाचकाला अंगावर घ्यावी लागते, कारण ती पहिल्या पुस्तकातल्या प्रश्नाला आणखी खोल नेते. 'रामा'मधली निराशा त्याच्या उलट आहे. तिथं लेखक आपल्याला गोंजारतो. निराशा दोन्हीकडे आहे, पण दोन्ही एकाच मापानं मोजू नका.

दुसरं उत्तर, 'नाही आवडलं तर वाचू नका, पहिलं पुस्तक कुठं पळालंय?' पळालेलं नाही, पण एकटंही राहिलेलं नाही. आज कुणी 'रामा'बद्दल शोधायला गेलं, तर दोन मिनिटांत रामा कुणी पाठवला ते त्याला कळतं. ज्या प्रश्नावर अख्खं पुस्तक उभं होतं, त्याचं उत्तर आता प्रश्नाआधीच भेटतं.

तिसरं उत्तर मात्र मला टोचतं. 'वाचकांनीच मागितलं होतं.' हो, मागितलं. मीही मागितलं. पहिलं पुस्तक संपलं तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि मी लगेच शोधलं, हे रामावाले कोण? पहिल्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य तीनच्या आकड्याकडे बोट दाखवून थांबतं. ते वाक्य अगदी शेवटी सुचलं आणि पुढचे भाग लिहायचा तेव्हा विचारही नव्हता, असं क्लार्कनं नंतर स्वतःच लिहिलं. पण आमच्यासारख्यांनी त्याला जाहिरात समजून घेतलं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथं ग्राहकानं मागितलेलं द्यायचं, हा धंद्याचा नियम आहे, आणि तो बरोबरही आहे. बटण नको तिथं असेल, तर ते हलवायलाच हवं. पण पहाटे तीनला उत्तर मागणाऱ्या माणसाला उत्तर देणं हे लेखकाचं काम नाही. त्याला तसंच जागं ठेवणं हे आहे.

आता आपल्याकडे या. मराठीत विज्ञानकथांच्या मोठ्या मालिका का नाहीत, अशी हळहळ मी अनेकदा ऐकली आहे. मला त्यात उणेपणा वाटत नाही. आपली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत आणि दिवाळी अंकांच्या पानांत वाढली. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, त्याच स्पर्धेला पाठवली आणि बक्षीस मिळवलं. दिवाळी अंकातल्या कथेला पानं मोजून मिळतात, तिला थांबावंच लागतं. त्यांच्या एका कादंबरीचं तर नावच 'वामन परत न आला'. नारळीकर 2025 च्या मे महिन्यात गेले. त्यांनी वामनाला परत आणलं नाही.

हे आज सांगायचं कारण, माझ्या वयाचे मराठीत विज्ञानकथा लिहिणारे मित्र आता पहिल्या पानाआधीच 'ट्रिलॉजी' ठरवून बसतात. ऑडिओवाले भागांच्या संख्येवर बोलतात, वेबसिरीजवाले पहिला सीझन संपायच्या आत दुसऱ्याचं विचारतात. मालिका लिहू नका असं मी म्हणत नाही. पहिल्या पुस्तकात नसलेलं काही नवं बेणं हातात असेल, तर खुशाल लिहा, आम्ही चिडलो तरी लिहा. ते नसेल, तर आम्ही कितीही मागितलं तरी देऊ नका.

आणि वाचकांनो, निराश झालात तर सांगा, नेमकं सांगा. 'मजा नाही आली' एवढ्यावर सोडू नका. कुठली गोष्ट उलटी केली, ते दाखवा.

यंदा आमच्या तुकड्यात निडवा धरायचा नाही, असं अण्णांनी ठरवलंय. खोडवा तुटला की नांगरट करून ताग पेरायचा. कारखान्याचा माणूस दोनदा विचारून गेला.