आधी चालणारा माणूस

मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ सालच्या सर्वंकष वाहतूक अभ्यासातली एक नोंद कधीच विसरली जाऊ नये: इथल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या लोक पायीच करतात. त्याच वर्षी वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक खुला झाला आणि पाठोपाठ महानगरात असे तीसहून अधिक उभे राहिले. स्टेशनाबाहेरची चेंगराचेंगरी काही ठिकाणी त्यामुळे कमी झाली, हे खरंच. पण चालणाऱ्याची कामं खाली असतात. भाजी खाली, रिक्षा खाली, बेस्टचा थांबाही खालीच. गाड्यांना थांबावं लागू नये म्हणून गुडघे दुखणाऱ्या बाईने जिने चढायचे आणि उतरायचे, हा मला उघड अन्याय वाटतो.

खालचा पदपथ धड असता तर एवढा खटाटोप लागलाच नसता. पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असं भारतीय रस्ते काँग्रेसच्या सूचना सांगतात. प्रत्यक्षात तो दर सोसायटीच्या गेटपाशी तुटतो, पुढे पुन्हा चढतो. मध्येच विजेचा डीपी, मग उखडलेले पेव्हर ब्लॉक. म्हातारी माणसं कंटाळून रस्त्याच्या कडेने चालू लागतात आणि अपघात झाला की बोल त्यांनाच लागतो. सुरक्षित पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

जागा आणायची कुठून, असं विचारलं जातं. एक उभी मोटार दहा-बारा चौरस मीटर सार्वजनिक जमीन अडवते, बहुतेकदा फुकटात. जागा तिथे आहे. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर महापालिकेने पदपथ ऐसपैस केले, बसायला बाक ठेवले. दुचाकीस्वार तिथेही घुसतात, पण रस्ता काही बंद पडला नाही.

दुसरा आक्षेप फेरीवाल्यांचा: पदपथ रुंद केला की तेच बसणार. बसणारच, कारण गिऱ्हाईक पायी येतं, आणि स्वस्त भाजी ही त्याच चालणाऱ्यांची गरज आहे. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समिती ही वाट दिली आहे. ती वर्षानुवर्षं रखडवायची आणि अधूनमधून गाडी आणून टोपल्या उचलायच्या, याने कुणाचंच भलं होत नाही. चालण्याची १.८ मीटर वाट मोकळी सोडून विक्रेत्यांची पट्टी मूळ आराखड्यातच आखली गेली पाहिजे.